तिजोरीची किल्ली कोणाकडे

16 डिसेंबर 1773 च्या रात्री बॉस्टन बंदरात तीन जहाजांवरचा चहा समुद्रात रिकामा करण्यात आला. 342 पेट्या, सुमारे 92 हजार रत्तल माल, किंमत 9659 पौंड. हा चहा स्वस्त होता. त्याच वर्षी मे महिन्यात पार्लमेंटने केलेल्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला इंग्लंडमधली जकात परत मिळणार होती आणि मधल्या व्यापाऱ्यांना वगळून थेट अमेरिकेत चहा विकता येणार होता. डचांकडून चोरून आणलेल्या चहापेक्षाही हा चहा कमी भावात पडला असता. त्यावर रत्तलामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा उरला होता. ग्राहकाचा हिशेब मांडला तर त्या रात्री बॉस्टनने स्वतःचेच नुकसान करून घेतले.

करविरोधाची कथा आपल्याला बोज्याच्या भाषेत ऐकायची सवय आहे. कर वाढला, असह्य झाला, लोक उठले. 1764 ते 1775 या अकरा वर्षांत अमेरिकेतल्या तेरा ब्रिटिश वसाहतींत जे घडले ते या भाषेत मांडता येत नाही. साम्राज्यातल्या सर्वांत हलका कर भरणाऱ्यांत त्या लोकांची गणना होत असे, इंग्लंडमधला सामान्य माणूस त्यांच्या कितीतरी पट कर देत होता, आणि बंड मात्र अमेरिकेत झाले. माझे म्हणणे असे आहे की हे भांडण रकमेचे नव्हतेच. तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला राहणार, याचे ते भांडण होते. वसाहतींच्या हाती ती किल्ली दीडशे वर्षे होती, म्हणून ती काढून घेतली जात आहे हे त्यांना पहिल्याच ओढीला जाणवले. ज्यांच्या हाती ती कधी आलीच नाही त्या बंगालच्या रयतेवर त्याच वर्षांत, त्याच पार्लमेंटच्या नजरेखाली, किती भीषण वसुली झाली हे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय अमेरिकेची गोष्ट पुरी समजत नाही, असेही मला वाटते.

आधी लंडनची बाजू नीट ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नव्हती. फ्रान्सशी झालेले सात वर्षांचे युद्ध 1763 मध्ये संपले तेव्हा ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट होऊन सुमारे 13 कोटी पौंडांवर गेले होते. वर्षाच्या महसुलाचा मोठा हिस्सा नुसत्या व्याजात जात होता. युद्धामुळे कॅनडा ब्रिटिशांकडे आला, वसाहतींच्या डोक्यावरची फ्रेंचांची टांगती तलवार गेली. सरहद्दीवर मूळच्या रहिवाशांशी चकमकी सुरूच होत्या, त्यामुळे सुमारे दहा हजार सैनिक अमेरिकेत कायम ठेवायचे ठरले. पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल हा हिशेबी माणूस. ज्यांच्या रक्षणासाठी फौज उभी आहे त्यांनी तिच्या खर्चाचा काही भाग उचलावा, असे त्याने म्हटले तर त्यात काय चुकले? कर्ज, व्याज, फौज असे कागदावर मांडत गेले की ग्रेनव्हिलचे म्हणणे पटू लागते.

पण त्या कागदावर एक रकाना नव्हता. वसाहतींत आजवर कर बसला तो त्यांच्या निवडून आलेल्या सभांनी बसवला होता. गव्हर्नर राजाचा माणूस असे, पण त्याचा पगार वर्षाला वर्ष मंजूर करणारी सभा स्थानिक असे. मॅसॅच्युसेट्सच्या सभेने तर गव्हर्नरला कायमचा पगार ठरवून देण्यास पिढ्यान्‌पिढ्या नकार दिला होता. राजाचा हुकूम आणि गावाची मर्जी यांचा मेळ घालायचा तो दर वर्षी, पैशाच्या मंजुरीच्या वेळी. ही व्यवस्था कोणी एका बैठकीत आखलेली नव्हती. ती वहिवाट होती, आणि वहिवाटीचा हक्क लेखी हक्काइतकाच खोल रुजतो हे जमिनीचे तंटे पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

पहिला धक्का 1764 मध्ये मळीवरून बसला. कॅरिबियन बेटांवरच्या साखरेच्या मळ्यांतून येणारी मळी न्यू इंग्लंडच्या भट्ट्यांत जाई, तिची रम होई, आणि ती रम इतर मालाबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या खरेदीतही वापरली जाई. परकी मळीवर गॅलनमागे सहा पेन्सचा कर जुनाच होता, पण तो कोणी भरत नसे. अधिकाऱ्यांचे हात ओले करून माल उतरवला जाई. ग्रेनव्हिलने कर निम्मा केला, तीन पेन्स, आणि वसुली मात्र खरीखुरी सुरू केली. चोरट्या आयातीचे खटले ज्युरीशिवाय चालणाऱ्या आरमारी न्यायालयांकडे नेण्याची सोय झाली. त्यासाठी दूर हॅलिफॅक्सला नवे न्यायालय उभे राहिले. कर कमी झाला आणि असंतोष वाढला, हे इथेच पहिल्यांदा दिसते. बॉस्टनचा वकील जेम्स ओटिस याने त्याच वर्षी पुस्तिका लिहून संमतीविना कर हा हक्काचा भंग आहे, असे मांडले. त्याच पुस्तिकेत त्याने काळ्या माणसांनाही जन्मतः स्वातंत्र्याचा हक्क असल्याचे लिहिले होते. पुढच्या पिढीने ओटिसचे पहिले म्हणणे उचलले आणि दुसरे खाली ठेवले. त्याकडे पुढे यावे लागेल.

मग 22 मार्च 1765 रोजी मुद्रांक कायदा मंजूर झाला. न्यायालयाचे कागद, खरेदीखते, परवाने, वर्तमानपत्रे, जाहिराती, पंचांगे, पदव्या, खेळायचे पत्ते आणि फासे, सगळ्यांवर मुद्रांक. पत्त्यांच्या कॅटवर एक शिलिंग, फाशांच्या जोडीवर दहा. रक्कम ब्रिटिश चलनात द्यायची, आणि वसाहतींत ते चलनच दुर्मीळ. नियम मोडल्याचा खटला पुन्हा त्याच ज्युरीविना न्यायालयात चालू शकत होता. हा कायदा ज्यांना सर्वांत आधी टोचला ते वकील, छापखानेवाले, व्यापारी आणि गुत्तेवाले होते, म्हणजे गावात ज्यांचे तोंड सर्वांत जास्त चालते ते लोक. यामुळे विरोध लवकर पसरला, यात शंका नाही. पण टोचले म्हणून ओरडले, एवढ्यावर ते थांबले असते तर ती एका वर्गाची कुरकूर ठरली असती. त्यांना युक्तिवाद करावा लागला, आणि तो युक्तिवाद त्यांच्या हिताच्या पलीकडे गेला.

लंडनचा दावा होता की वसाहतींना पार्लमेंटमध्ये प्रतिनिधित्व आहेच, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. ग्रेनव्हिलचा सहकारी टॉमस व्हेटली याने हे तपशिलाने मांडले. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स या वाढत्या शहरांना तरी कुठे स्वतःचा खासदार आहे? इंग्लंडमधल्या बहुसंख्य माणसांना मत नाही. तरीही प्रत्येक खासदार साऱ्या साम्राज्याचे हित पाहतो, म्हणून सारेच अप्रत्यक्षपणे प्रतिनिधित्व पावतात. उलटपक्षी ओल्ड सॅरम नावाच्या ओसाड टेकडीला दोन खासदार होते, हे व्हेटलीच्या बाजूला अडचणीचे असले तरी त्याचा मुद्दा निकालात काढायला ते पुरेसे नाही. आजही लहान मुले, परदेशी रहिवासी, मत न देणारे यांच्या वतीने कायदे होतातच.

याला खरे उत्तर मेरीलँडचा वकील डॅनिएल ड्यूलनी याने 1765 मध्ये दिले, आणि साऱ्या वादातला सर्वांत तीक्ष्ण विचार मला तोच वाटतो. तो म्हणाला, मँचेस्टरच्या मतहीन माणसावर कर बसवणारा खासदार स्वतःवर, आपल्या मतदारांवर आणि आपल्या नातलगांवर तोच कर बसवत असतो. दोघांचे हित एकमेकांत गुंतलेले आहे, म्हणून मत नसले तरी एक कुंपण आहे. अमेरिकेवर कर बसवणाऱ्या खासदाराचे तसे नाही. अमेरिकेकडून जेवढे जास्त वसूल होईल तेवढा त्याचा स्वतःचा भार हलका होईल. म्हणजे जुलूम करण्यात त्याचा फायदाच आहे. कर बसवणारा आणि कर भरणारा यांच्यात गुंतलेपण नसेल तर सद्भावनेवर भरवसा ठेवून चालत नाही, हे ड्यूलनीचे म्हणणे कोणत्याही साम्राज्याला लागू पडते. गंमत नाही, शोकांतिका अशी, की पुढे युद्धाच्या वेळी हाच ड्यूलनी स्वातंत्र्याच्या बाजूने उभा राहिला नाही. त्याचा युक्तिवाद मात्र त्याला मागे टाकून पुढे गेला.

रस्त्यावर जे झाले ते इतके स्वच्छ नव्हते. 14 ऑगस्ट 1765 रोजी बॉस्टनमध्ये मुद्रांक वाटपासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा एका मोठ्या एल्म वृक्षाला टांगण्यात आला. एबनेझर मॅकिंटॉश नावाचा चांभार त्या जमावाचा म्होरक्या होता. ऑलिव्हरने नेमणूक सोडण्याचे कबूल केले. बारा दिवसांनी जमावाने उपगव्हर्नर टॉमस हचिन्सनचे घर पार उद्ध्वस्त केले. खिडक्या, भिंतींवरच्या लाकडी फळ्या, फर्निचर, आणि त्याने वर्षानुवर्षे जमवलेली मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासाची हस्तलिखिते चिखलात पडली. हचिन्सनने खासगीत मुद्रांक कायद्याला विरोधच केला होता. पुढच्या काळात राजाच्या अधिकाऱ्यांना डांबर फासून पिसे चिकटवण्याचे प्रकारही घडले. स्वातंत्र्याच्या कथेत हे प्रसंग तळटीप म्हणून ढकलले जातात, आणि ते मला मान्य नाही. एखाद्याचे अंग भाजणारा जमाव हक्काचे नाव घेत असला तरी तो जमावच असतो. मात्र एवढ्यावरून संपूर्ण चळवळ गुंडगिरी होती असे म्हणणाऱ्यांना एका गोष्टीचा खुलासा करावा लागतो: त्याच ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे 27 प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि त्यांनी राजाकडे व पार्लमेंटकडे शांतपणे लेखी अर्ज केले. एकमेकींशी फटकून वागणाऱ्या या वसाहती आपणहून एकत्र बसण्याचा तो पहिला मोठा प्रसंग होता. 1 नोव्हेंबरला कायदा लागू व्हायचा होता, तेव्हा बहुतेक वसाहतींत मुद्रांक वाटायला माणूसच उरला नव्हता.

मार्च 1766 मध्ये कायदा रद्द झाला. बहिष्कारामुळे इंग्लंडच्या व्यापाऱ्यांचा माल अडकला होता, त्यांनीच पार्लमेंटवर दबाव आणला. पण रद्द करतानाच पार्लमेंटने दुसरा ठराव कायद्याच्या रूपात केला: वसाहतींवर सर्व बाबतींत कायदे करण्याचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. पैसा सोडला, अधिकार राखला. अमेरिकेत घंटा वाजल्या, रोषणाई झाली, आणि या दुसऱ्या कायद्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

पाहिले असते तर 1767 चे आश्चर्य वाटले नसते. अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर आयात कर बसवले. अमेरिकन लोक अंतर्गत कराला हरकत घेतात, बंदरावरच्या कराला घेत नाहीत, असा समज लंडनमध्ये पसरलेला होता. बेंजामिन फ्रँकलिनने पार्लमेंटपुढच्या साक्षीत केलेल्या फरकामुळे तो पक्का झाला. फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सनने बारा पत्रे लिहून हा समज मोडून काढला. व्यापाराला वळण लावण्यासाठी बसवलेली जकात वेगळी आणि महसूल काढण्यासाठी बसवलेली जकात वेगळी, उद्देश पाहा, असे त्याचे म्हणणे. आणि टाउनशेंडच्या कायद्याचा उद्देश कायद्यातच लिहिला होता. या पैशातून वसाहतींतल्या गव्हर्नरांचे आणि न्यायाधीशांचे पगार देण्याची तरतूद होती.

माझ्या मते साऱ्या अकरा वर्षांचा गाभा या एका तरतुदीत आहे, आणि लोकप्रिय इतिहासात नेमका तोच गाळला जातो. गव्हर्नरचा पगार लोकांच्या सभेकडून येतो तोवर त्याला सभेचे ऐकावे लागते. तोच पगार लोकांकडूनच, पण त्यांच्या सभेला वळसा घालून, काढता आला की सभा भरवण्याचे कारणच संपते. लोक कर भरतील आणि त्या करानेच त्यांच्यावरचा लगाम निर्माण होईल. 1772 मध्ये हे प्रत्यक्षात उतरले. हचिन्सन आता गव्हर्नर होता आणि त्याचा पगार राजाच्या खात्यातून मिळणार असे जाहीर झाले. पाठोपाठ न्यायाधीशांचेही तसेच होणार ही बातमी आली. तोवर बहुतेक टाउनशेंड कर रद्द झाले होते, व्यापार सुरळीत चालला होता, चळवळ थंडावली होती. पोटाला चिमटा बसत नव्हता. तरीही 2 नोव्हेंबर 1772 रोजी बॉस्टनच्या नगरसभेने पत्रव्यवहार समिती नेमली आणि मॅसॅच्युसेट्सच्या गावागावांना विचारले, तुम्हाला काय वाटते? शंभराहून अधिक गावांनी उत्तरे पाठवली. जिथे शेतकरी लंडनला कधी गेला नव्हता, जाण्याची शक्यताही नव्हती, तिथे न्यायाधीशाचा पगार कोण देतो यावर नगरसभेत चर्चा झाली. करविरोधाचे इतके समंजस रूप मला इतिहासात फार थोड्या ठिकाणी दिसते.

बहिष्काराबद्दल लिहिताना बायकांना वगळून चालत नाही. कापड इंग्लंडहून येत होते. ते नाकारायचे तर घरी सूत कातावे लागे, विणावे लागे, आणि ते काम त्यांच्याच हातचे. धर्मगुरूंच्या अंगणात चरखे मांडून दिवसभर सूतकताई चाले. ऑक्टोबर 1774 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडनटन गावी 51 स्त्रियांनी स्वतःच्या नावानिशी बहिष्काराच्या कागदावर सह्या केल्या. ज्यांना कोणत्याच सभेत मत नव्हते त्यांनी आपली संमती आणि असंमती जाहीर केली. व्यापाऱ्यांचा स्वार्थ आणि चोरट्या आयातदारांची नफेखोरी हेच चळवळीचे मूळ, असे म्हणणाऱ्यांना या 51 सह्यांचे काय करायचे ते कळत नाही. जॉन हॅनकॉकसारख्या श्रीमंत व्यापाऱ्याचे हितसंबंध होते, हे मी नाकारत नाही. पण स्वार्थ चळवळीला सुरुवात करून देतो, तिला गावोगाव नेत नाही.

आता चहाकडे. 1769 मध्ये मंत्रिमंडळाने टाउनशेंड कर काढायचे ठरवले तेव्हा चहावरचा तेवढा ठेवावा, हा निर्णय एका मताच्या फरकाने झाला. उत्पन्नासाठी नव्हे, अधिकाराची खूण म्हणून. ही खूण पुढे ज्या कंपनीच्या मालाला चिकटली तिची कथा आपल्या देशातली आहे.

1765 हे वर्ष दोन्ही टोकांना सारखेच महत्त्वाचे. मार्चमध्ये मुद्रांक कायदा झाला आणि ऑगस्टमध्ये मुघल बादशहा शाहआलमकडून क्लाइव्हने कंपनीसाठी बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी मिळवली. एका कायद्याने पार्लमेंटने वीस लाखांच्या आसपास लोकांकडून तुलनेने थोडी रक्कम मागितली आणि आग लागली. दुसऱ्या फर्मानाने एका व्यापारी कंपनीला कोट्यवधी माणसांचा जमीन महसूल मिळाला आणि लंडनच्या शेअर बाजारात आनंद झाला. 1767 पासून कंपनीने ब्रिटिश सरकारला वर्षाला चार लाख पौंड देण्याचे कबूल केले. मग 1769-70 चा दुष्काळ आला. वॉरन हेस्टिंग्जने 1772 मध्ये लंडनला लिहून कळवले की प्रांतातली निदान एक तृतीयांश माणसे गेली. आणि त्याच पत्रात हेही कळवले की 1771 ची निव्वळ वसुली दुष्काळाआधीच्या 1768 पेक्षाही जास्त भरली. मेलेल्या आणि पळून गेलेल्या शेजाऱ्यांचा सारा जिवंत राहिलेल्यांवर बसवला गेला होता. ड्यूलनीने ज्या खासदाराची कल्पना केली होती, ज्याला दुसऱ्याच्या भाराने स्वतःचा भार हलका करता येतो, तो इथे हाडामांसाचा दिसतो.

इतके ओरबाडूनही कंपनी बुडू लागली. बंगालातले तिचे नोकर खासगीत गबर झाले, लष्कराचा खर्च वाढला, भागधारकांना लाभांश फुगवून दिला गेला, आणि 1772 मध्ये युरोपात पतसंकट आले. लंडनच्या गोदामांत सुमारे एक कोटी सत्तर लाख रत्तल चहा पडून होता. हा चहा चीनचा, पण तो विकत घेण्याची ताकद मोठ्या प्रमाणात बंगालच्या महसुलातून आलेली. पार्लमेंटने 1773 मध्ये तीन उपाय एकदम केले: कंपनीला 14 लाख पौंडांचे कर्ज, तिच्या कारभारावर नियंत्रण आणणारा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट, आणि अमेरिकेत चहा खपवण्याचा कायदा. आपल्याकडे शाळेत दुसऱ्या कायद्याचा धडा असतो, अमेरिकेत तिसऱ्याचा. दोन्ही एकाच आजारावरची औषधे होती, हे फारसे कोणी सांगत नाही. रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने मुंबई सरकारला कलकत्त्याच्या आज्ञेत आणले, आणि म्हणूनच मुंबईकरांनी 1775 मध्ये राघोबादादांशी परस्पर केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने नाकारून पुढच्या वर्षी पुरंदरला वेगळा तह केला. पुण्याच्या कारभाऱ्यांना मिळालेली ती उसंत आणि बॉस्टनचा चहा या दोहोंचा उगम लंडनच्या 1773 च्या उन्हाळ्यात आहे.

अमेरिकेत हे नाते ओळखणारे लोक होते. नोव्हेंबर 1773 मध्ये डिकिन्सनने टोपणनावाने छापलेल्या पत्रात कंपनीने आशियात काय केले ते वाचकांपुढे ठेवले: नफ्यासाठी धान्याचे भाव चढवले, एका वर्षात लाखो माणसे उपाशी मेली, आणि आता हीच कंपनी लुटीसाठी अमेरिकेकडे वळली आहे. बंगालबद्दलची ही कणव किती खोल होती हे मला सांगता येणार नाही. बहुधा ती स्वतःच्या भीतीचाच भाग होती. पण भीती अचूक होती. ज्या सत्तेला विचारणारे कोणी नाही ती काय करते, याचा नमुना त्यांनी गंगेच्या खोऱ्यात पाहिला आणि स्वस्त चहाचे आमिष त्या नमुन्याच्या उजेडात वाचले. तो चहा किनाऱ्यावर उतरला असता तर लोकांनी घेतला असता, कारण लोक स्वस्त वस्तू घेतात. एकदा घेतला की तीन पेन्सही दिले जाणार, आणि ते तीन पेन्स हचिन्सनच्या पगाराकडे जाणार. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाहून जहाजे परत पाठवता आली. बॉस्टनमध्ये हचिन्सनने जहाज बाहेर जाऊ दिले नाही. चहा विकण्यासाठी नेमलेल्यांत त्याचे दोन मुलगे होते. वीस दिवसांत कर भरला नाही तर जकात खाते माल जप्त करून उतरवणार होते, आणि ती मुदत 17 डिसेंबरला संपत होती. म्हणून 16 ची रात्र.

लंडनने 1774 मध्ये बॉस्टन बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलली. वरिष्ठ मंडळ आता राजा नेमणार, नगरसभा परवानगीशिवाय वर्षातून एकदाच, ज्युरी शेरीफ निवडणार. कराचा मुद्दा आता नावालाही उरला नाही, भांडण उघडपणे किल्लीवर आले. त्याला गावांनी दिलेले उत्तर मला बॉस्टनच्या रात्रीपेक्षा अधिक मोलाचे वाटते. 6 सप्टेंबर 1774 रोजी वुस्टर गावात साडेचार हजारांहून अधिक नागरी शिपाई रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. न्यायालय भरू दिले गेले नाही. राजाने नेमलेल्या न्यायाधीशांना टोप्या हातात घेऊन त्या रांगांमधून चालावे लागले आणि नव्या कायद्याखाली काम करणार नाही, हे पुन्हा पुन्हा वाचून दाखवावे लागले, म्हणजे शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल. एकही गोळी सुटली नाही. बॉस्टन सोडले तर मॅसॅच्युसेट्समधला ब्रिटिश अंमल त्या हिवाळ्यात संपलेला होता. स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फोडणारी लेक्सिंग्टनची लढाई त्यानंतर सात महिन्यांनी झाली. फिलाडेल्फियात जमलेल्या वसाहतींच्या पहिल्या काँग्रेसने ऑक्टोबरमध्ये आयातबंदीचा करार केला आणि तो राबवण्यासाठी प्रत्येक परगण्यात, शहरात, गावात निवडणुकीने समित्या नेमायला सांगितले. या समित्या वह्या तपासत, भाव बांधून देत, करार मोडणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात छापत. त्यांनी वेगळे मत असणाऱ्यांना सुखाने जगू दिले नाही, हेही खरे. पण त्या होत्या सरकारच.

तेव्हा संमतीचे तत्त्व कोणाच्या संमतीचे? 1771 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या आतल्या भागातले शेतकरी भ्रष्ट शेरीफ, जबर फी आणि गव्हर्नरच्या राजवाड्यासाठी बसवलेल्या कराविरुद्ध उठले. स्वतःला ते ‘रेग्युलेटर’ म्हणवत. त्यांना अलामान्सला चिरडणाऱ्या फौजेत किनाऱ्यावरची प्रतिष्ठित मंडळी होती, त्यांतली काही पुढे स्वातंत्र्ययुद्धाची नेतेमंडळी झाली. नंतर सहा शेतकऱ्यांना फाशी दिली गेली. आणि गुलामगिरी तर उघड्या डोळ्यांपुढे होती. इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सनने 1775 मध्ये विचारले, स्वातंत्र्याचा गलबला गुलामांच्या मालकांकडूनच सर्वांत मोठ्याने का ऐकू येतो? जॉन्सन सरकारच्या बाजूने लिहीत होता, म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. 1780 मध्ये मॅसॅच्युसेट्समधला पॉल कफ आणि त्याचे काही साथीदार यांनी नव्या सरकारकडे अर्ज केला: आम्ही काळे आहोत, आम्हाला मत नाही, आणि तुम्ही आमच्याकडून कर घेता. बॉस्टनचे सगळे युक्तिवाद त्या अर्जात बॉस्टनवरच उलटले होते. मला वाटते, या अर्जाने तत्त्वाचा पराभव केला नाही, त्याला खरे केले. 1873 मध्ये, चहा समुद्रात गेल्याला शंभर वर्षे होत असताना, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सज्जनांना, चहा फेकणाऱ्यांना नव्हे. आपल्या समाजात कोणाला किल्लीच्या जवळपासही फिरकू दिले गेले नाही, हे ते जाणत होते.

ब्रिटिशांनी या सगळ्यातून धडा घेतला. 1778 मध्ये पार्लमेंटने वसाहतींवर महसुलासाठी कर न बसवण्याचे कायद्यानेच कबूल केले. उशीर झाला होता. 1781 मध्ये यॉर्कटाउनला शरण गेलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस 1786 मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला आणि 1793 मध्ये त्याने बंगालचा सारा कायमचा ठरवला. ज्यांनी तो भरायचा त्यांची कोणतीही सभा भरली नाही. तिकडेही लोक उठत होते: संन्यासी आणि फकीर लढले, 1783 मध्ये रंगपूरच्या शेतकऱ्यांनी साऱ्याच्या ठेकेदाराविरुद्ध बंड केले. धैर्यात ते वुस्टरच्या माणसांपेक्षा कमी नव्हते. त्यांच्याकडे पैसे नाकारण्याची जागा नव्हती, त्यामुळे नकाराला एकच रूप उरले, ते म्हणजे हत्यार, आणि हत्यारात कंपनी वरचढ होती. पुढची शंभर वर्षे अशी जागा हिंदुस्थानात तयार होऊ नये याची काळजी घेतली गेली. 1861 च्या कायद्याने विधिमंडळात काही हिंदी माणसे आली, अंदाजपत्रकाला हात लावण्याची मुभा नव्हती. 1892 च्या कायद्याने चर्चेची मुभा दिली, मताची नाही.

म्हणून 26 मार्च 1902 रोजी गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या मंडळात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलायला उठले तेव्हा त्यांच्याकडे आकडे होते, अभ्यास होता, न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली घडलेली बुद्धी होती, फक्त मत नव्हते. दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या देशात सरकारच्या तिजोरीत शिल्लक उरते याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतले जात आहे, असे त्यांनी दाखवून दिले आणि मिठावरचा कर कमी करण्याची मागणी केली. पुढच्या वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. गरिबाच्या घरी त्या आठ आण्यांना किंमत होती आणि गोखल्यांच्या कामगिरीला मी कमी लेखत नाही. पण मीठ स्वस्त करणारा हात सरकारचाच होता, आणि तोच हात उद्या ते महाग करू शकत होता.